नाही ओळखता येत

माझा लेक ओजस विमान उडवायला लागल्यापासून मी सोमवार धरते. संध्याकाळी उपास सोडायला पानं घेत होते, तेवढ्यात यांचा मोबाइल वाजला.

"'काका, आमच्या शेतात हे पडलंय. कुठलं हो विमान?'" यांनी ग्रुपवरचा निरोप मोठ्यानं वाचला. दुर्मिळ विमानं फोटोवरून ओळखायचा यांचा जुना नाद. नुसतं पंखाचं टोक दिसलं तरी नाव सांगतात. आज फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"कुठलं हो?"

"नाही ओळखता येत."

"तुम्हाला? नवलच! मग ओजसला पाठवा." ओजस उडवतो तसलं जुनं विमान देशात एकच उरलंय, त्याचं यांना कोण कौतुक!

यांनी उठून माझ्या पानात भात वाढला, वर तूप घातलं. इतक्या वर्षांत यांनी मला कधी वाढलं नव्हतं.

"आधी जेव. मग बोलू."

आमच्याकडे मरणाची बातमी माणसाला जेवू घालून मगच सांगतात. सासूबाई गेल्या तेव्हा मीही यांना असंच जेवू घातलं होतं.

मी भात कालवत राहिले. घास काही उचलला नाही. मी जेवेपर्यंत हे बोलणार नव्हते.