वालुरात अमेरिकेची मतमोजणी

"आपला बालाजी लाल रंगात हाय का निळ्यात?" कडूबाईने विचारले.

"निळ्यात," लिंबाजी टीव्हीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाला. "पण लाल वाढायलाय."

वालुरात ऊन अंगणात आले होते. तिकडे रात्र होती. कापूस वेचायला जायचे सोडून शेजारपाजार लिंबाजीच्या टीव्हीसमोर बसला होता. लाल रंगाचा उमेदवार निवडून आला तर बाहेरून आलेल्यांना घरी धाडणार, असे तो स्वतःच बोलला होता. आणि लिंबाजीचा पोरगा बालाजी तिकडे कंपनीत होता. त्याला पाठवताना लिंबाजीने गावजेवण घातले होते. त्यातली बुंदी अजून लोकांच्या बोलण्यात होती.

"गुलाल न्हाई, ढोल न्हाई. ही कसली निवडणूक?" महारुद्रअण्णा म्हणाले. अण्णा ग्रामपंचायतीला दोनदा पडले होते, त्यामुळे निवडणुकीतले त्यांना कळते, असे गाव मानत होते. "तिकडं म्हणं पडलेला माणूस जिंकलेल्याला फोन करतो."

"तुमी केला होता का?" कडूबाईने विचारले.

"त्यानं माझ्या दारात फटाके लावले. फोनची गरजच पडली न्हाई."

कोणी फारसे हसले नाही. नकाशावर आणखी एक तुकडा लाल झाला.

"लिंबाजी, आवाज कमी कर की. कान बसायलेत."

"राहू द्या अण्णा. मला आजकाल कमी ऐकू येतं."

आत मनकर्णा भाकरी थापत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. कडूबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "रडून घ्या वैनी. मन हलकं होतं."

"एवढं पीठ संपू द्या," मनकर्णा म्हणाली.

"पोराला फोन तरी लावा."

"झोपला असंल," लिंबाजी बाहेरूनच म्हणाला.

"अशा रातीला झोप येती व्हय?"

"त्याला येती."

मग निकाल लागला. लाल माणूस हात उंचावून हसला. कडूबाईने पदर तोंडाला लावला. अण्णांनी लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोराचा काय कसूर? उद्या परत आला तरी गावात कुणी नाव ठेवणार न्हाई. सरकारनंच हाकलल्यावर माणूस काय करील?"

"खरंच कुणी न्हाई ठेवणार?"

"कुणी बोललं तर मला सांग."

लिंबाजीने मोठा श्वास सोडला. लोक एकेक करून उठले. उंबऱ्यापाशी अण्णा मागे वळले.

"आन् आजच घाबरून जाऊ नको. निवडून आला म्हणून लगेच कारभार हातात येत न्हाई. तिकडं शपथ जानेवारीत असती."

लिंबाजी उठला होता, तो परत खाली बसला.

सगळे गेल्यावर मनकर्णाने दाराला कडी घातली. लिंबाजीने मागच्या खोलीचे दार ढकलले. बाजेवर बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसला होता.

"सगळं ऐकलं, बाबा," तो म्हणाला. "आता नोकरी गेली म्हणून परत आलो, असं सांगायला नको. येऊ का बाहेर?"

"बस खाली," लिंबाजी म्हणाला. "जानेवारीपर्यंत तू अमेरिकेतच हाईस."