बुधवारचं तेल

गॅरेजवाला महिपत गाडीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. दोन शिंका दिल्या, तोंडावर फडकं बांधलं आणि पुन्हा शिरला.

"तुमाला नाक हाय ना वो, भाऊ?" त्याने खालून विचारलं.

राजाभाऊंना नाक होतं, तीच तर अडचण होती. तीन घरं पलीकडे कुणी सुक्या बोंबलाची बरणी उघडली, तर हे इकडे खिडक्या लावून घेत. अख्ख्या पावस गावात शाकाहारी घरातल्या त्या नाकाची ख्याती होती. आणि त्याच नाकाने अकरा वर्षं ही गाडी सोसली होती.

चौसष्ट सालची फियाट. आप्पांनी कोरी घेतलेली. राजाभाऊंनी लग्न करून कुसुमला आणली ती हिच्यातूनच. म्हणून गाडीचा एकही मूळ भाग बदलायचा नाही, हा राजाभाऊंचा हट्ट. खाऱ्या वाऱ्याला त्या हट्टाचं काही पडलेलं नव्हतं. दाराखाली गंजाचा पहिला फोड आला, तेव्हा तोडगा आप्पांनीच काढला. खारवी लोक होडीला मुशी माशाच्या काळजाचं तेल माखतात, लाकूड जन्मभर टिकतं. मग पत्रा का टिकू नये? पूर्णगडच्या येसूबाईच्या अंगणात त्या तेलाचं पिंप भरलेलंच असे. तेव्हापासून दर बुधवारी आप्पा स्वतः गाडी घेऊन जात आणि दोन-अडीच तासांनी तेल लावून परत येत.

"होडी वर्षातून एकदा माखतात, आप्पा," राजाभाऊ एकदा म्हणाले होते.

"होडी दणकट असते. गाडी नाजूक. तुला पत्रा टिकवायचाय की नाही?"

पत्रा टिकवायचा होता. म्हणून राजाभाऊंनी वास गिळला. खवट, चिकट, घशात उतरून बसणारा वास. गाडीतून तो ओटीवर आला, ओटीवरून टॉवेलात, उशीत, आप्पांच्या सदऱ्याला, मिशांनासुद्धा. बुधवारी दुपारी आप्पा पानावर बसतच नसत. त्या वासाने भूकच मरते म्हणत. ऐंशीच्या घरातला माणूस केवळ मुलाच्या हट्टापायी उपाशी राहतो, याचं राजाभाऊंना फार वाटे.

कुसुमने तर अकरा वर्षांत गाडीला पाय लावला नव्हता. शुक्रवारी गावखडीला भजनाला जायची तीही एस.टी.ने. एस.टी.त टोपल्यावाल्या बायका असत, त्यामुळे घरी आली की आधी डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग संध्याकाळपर्यंत लवंग चघळत बसायची. जेवणाचं नाव काढलं तरी मान हलवायची.

आता मृणालीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. पोरीला आईसारखंच याच गाडीतून सासरी जायचं होतं. कुसुमने काल निर्वाणीचं सांगितलं, "शालू नेसून माझी मुलगी त्या मासळीबाजारात बसायची नाही. वास घालवा, नाहीतर गाडी भंगारात घाला."

"वास जाऊ दे, पण पत्रा राहू दे," राजाभाऊ वाकून म्हणाले. "आतला चांगला असेल. तेल प्यायलेला आहे."

खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचल्याचा आवाज आला. करकर झाली नाही. शिळी भाकरी मोडावी तसा आवाज झाला. तांबड्या पापुद्र्यांचा ढीग जमिनीवर पडला, त्यामागून काळा चिखल, आणि चिखलातून एक गोम सावकाश निघून राजाभाऊंच्या चपलेवर चढली. त्यांनी पाय झटकला.

महिपत सरपटत बाहेर आला. "ह्याला तेल कधी लावलंनी?"

"काल. काल बुधवार होता."

"भाऊ, हयसर अकरा वर्षांत कोनाचं बोट लागलेलं नाय. थेंब नाय तेलाचा. हाय तो चार दारांच्या कडांना, नाकाला लागंल तेवढाच. बाकी सगळा वास वरचा, शिटांना मुरलेला."

"आप्पा खोटं बोलत नाहीत."

"पत्रापन नाय बोलत," महिपत म्हणाला. "ह्यो सगळा कापायचा. नवा टाकायचा. दुसरा इलाज नाय."

राजाभाऊंनी भोकातून आत बघितलं. याच जागेवर कुसुमने नव्या नवरीची पावलं ठेवली होती. तिथे आता जमीन दिसत होती. मग त्यांना सगळा प्रकार कळला. येसूबाईने म्हाताऱ्या माणसाला अंगणात बसवून ठेवायचं, दारांना बोट पुसायचं, झालं म्हणून सांगायचं. अकरा वर्षं.

स्कूटर त्यांनी तडक पूर्णगडला घातली.

येसूबाईच्या अंगणात पाय ठेवताच नाकावर रुमाल गेला. चटयांवर मासळी वाळत होती, तिच्यावर माश्यांचा थर. एक मांजर कुणाचं तरी डोकं फोडत बसलेलं. कोपऱ्यात तेलाचं पिंप, वर पिवळट साय. येसूबाई विळीवर बसली होती, कोपरापर्यंत खवले चिकटलेले.

"आप्पांचे चिरंजीव न्हवं?" ती म्हणाली. "नाकावरनं वळखलं."

राजाभाऊ रुमालातूनच बोलले. पत्रा, भोक, मुलीचं लग्न, म्हाताऱ्याची फसवणूक, सगळं. येसूबाईने हातातली मासळी टोपलीत टाकली. विळी मिटली. हात कोपरापर्यंत धुतले.

"मी आजवर कोनाला कोनाचं सांगितलं नाय," ती म्हणाली. "तुमचंपन सांगनार नाय. पयल्यांदा सगळीच कायतरी कारन काढून येतात."

ती आत गेली. पाट आणून मांडला, ताट पदराने पुसून त्याच्यापुढे ठेवलं. चुलीवर तव्यात माशाची तुकडी चरचरली.

"बसा. बुधवार आप्पांचा, शुक्रवार वहिनींचा. गुरुवार रिकामा हाय."