रक्तात आहे

रिपोर्ट यशस्विनीने छापून आणला होता. चार पानं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की एवढ्यावरून एकट्या माणसाबद्दल काही ठरवता येत नाही, धोका फक्त थोडा कमी-जास्त असू शकतो. ते पान तिने मागे दुमडलं आणि पहिलं अप्पांसमोर सरकवलं.

नागोजीरावांनी चष्मा लावला, काढला. हिनकल गावात पंचवीस वर्षं ते शाळेचे गणवेश शिवत होते. बिलातलं इंग्रजी त्यांना कळे, हे कळेना.

"तूच सांग पुट्टी. तू डॉक्टर."

ती अजून डॉक्टर नव्हती, शेवटचं वर्ष चालू होतं. पण घरात सगळे तसंच म्हणत.

समोर तिचा धाकटा भाऊ रक्षित बसला होता. व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने काढून तो परवाच घरी आला होता. वय बावीस, आणि दाढा साठीच्या माणसासारख्या झिजलेल्या. महिन्याभरापूर्वी घरातल्या तिघांनी नळीत थुंकून त्या नळ्या बंगळूरच्या लॅबकडे पाठवल्या होत्या. रक्षितची नळी यशस्विनीने केंद्रात जाऊन आणली होती.

"डोक्यात आनंदाचं एक रसायन असतं अप्पा," ती म्हणाली. "ते आवरून धरणारं एक जीन असतं. काही लोकांत ते जरा वेगळं असतं. अशा माणसाने या गोळ्या, ती पावडर एकदा घेतली की सुटणं कठीण. रक्षितकडे ते दोन्ही बाजूंनी आलंय."

"दोन्ही म्हंजे?"

"एक तुमच्याकडून, एक अम्माकडून."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यात नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कुसुमबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, म्हंजे मीच दिलं माझ्या लेकराला?"

"तसं नसतं गं अम्मा. कुणाचाच दोष नाही यात. रक्तात आहे."

रक्षितने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. कुणाचाच दोष नाही, हे त्या घरात त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

नागोजीरावांनी कागदावर तळहात ठेवला. गेली दोन वर्षं ते एकच गोष्ट विचारत आले होते. मारताना विचारलं, रडताना विचारलं, केंद्राच्या फाटकातही विचारलं.

"रक्तात असू दे. पण पहिली गोळी तुझ्या हातावर कुणी ठेवली? नाव सांग. बाकी मी बघतो."

दर वेळी रक्षित गप्प बसे. पण निघताना केंद्रातल्या बाईंनी त्याला बजावलं होतं, घरी खरं बोललास तरच टिकशील.

"अक्कानं," तो म्हणाला.

कुसुमबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला.

"सीईटीच्या आधी. माझं काही पाठच होत नव्हतं. हिच्या हॉस्टेलात सगळ्या घेत होत्या, लक्ष लागायला. हिने अर्ध्या स्वतः घेतल्या, अर्ध्या मला दिल्या. परीक्षा झाल्यावर हिने सोडल्या. मला नाही सुटल्या." मग घाईने म्हणाला, "माझा राग नाही अप्पा तिच्यावर. तुम्ही विचारलंत म्हणून."

नागोजीराव मुलीकडे वळले. बोलायचीही गरज नव्हती, तिने नुसती होकाराची मान हलवली असती तरी पुरे होतं.

यशस्विनीने कागद स्वतःकडे ओढला. "अप्पा, यात हे असतंच," ती हळू आवाजात म्हणाली. "आपलं दुसऱ्यावर ढकलायचं. खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलासुद्धा कळत नाही. आजाराचाच भाग तो."

"असं लिहिलंय त्यात?"

"हो."

थोबाडीत एवढ्या जोरात बसली की रक्षितची खुर्ची मागे सरकली.

"जी तुझ्यासाठी धावली, तिचं नाव घेतोस?"

"साकु हो, पुरे करा!" कुसुमबाई ओरडल्या. धावत आल्या त्या मात्र मुलीजवळ, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

नागोजीरावांनी तिथेच उभ्याने केंद्राला फोन लावला. "घेऊन जा. नाही, महिना-दोन महिने नको, वर्षभर ठेवा. सुधारायचा नाही तो, रक्तातच आहे त्याच्या. रिपोर्ट आहे आमच्याकडे."

आतल्या खोलीत रक्षित पिशवीत शर्ट भरत होता. यशस्विनी आली, दार लोटून घेऊन त्याच्या शेजारी बसली. लहानपणापासून दोघं आपसात कन्नडच बोलत.

"गोत्तिरलिल्ल कणो," ती म्हणाली. माहीत नव्हतं रे. "मी पण त्याच घेतल्या होत्या. मला काही झालं नाही. मला कसं कळणार?"

त्याने उत्तर मराठीत दिलं.

"तेव्हा माहीत नव्हतं अक्का. आज माहीत होतं."

तिने उरलेले दोन शर्ट घडी करून त्याच्याकडे दिले. त्याने ते पिशवीत ठेवले.

दुपारी गाडी आली. रक्षित आपणहून चालत फाटकापर्यंत गेला, तरी केंद्राच्या दोघांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. नागोजीराव बाहेर आले नाहीत. गाडी हुणसूर रस्त्याला लागेपर्यंत कुसुमबाई पायरीवर उभ्या राहिल्या. मग मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या.

"तू होतीस म्हणून कळलं गं," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही त्याचंच खरं धरून बसलो असतो."