दातांत बसेल असा पाइप

“हा नको. जबडा ओढतोय,” म्हणत एवारिस्तोनं दातांतला पाइप काढून फळीवर ठेवला.

सेत्तिमिओनं दुसरा उचलला, तळहातावर तोलला आणि पुढं केला. चाळीस वर्षं तो याच दुकानात ब्रायरच्या झुडपाच्या टणक मुळाचे पाइप कोरत होता. डोंगरावरच्या त्या गावात पाइप ओढणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचंच गिऱ्हाईक.

“सरळ नळीचा घेऊच नकोस. सगळा भार दातांवर येतो. वाकडा घे. हनुवटीशी लोंबतो, जाणवतसुद्धा नाही. द्राक्षवेली छाटताना दोन्ही हात मोकळे हवेत ना?”

“हवेत तर! नाहीतर ही बाई मला ओढू देईल होय?”

खिडकीपाशी बसलेली एर्सिलिया हसली. “अकरा वर्षं एकटीनं छाटल्यात मी वेली. आता तुझी पाळी.”

तिला हसताना बघून सेत्तिमिओला बरं वाटलं. तिचा नवरा एवारिस्तो अर्जेंटिनाला गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. दीर नाझारेनो दर रविवारी चर्चबाहेर चारचौघांत तिला अडवायचा, “माझा भाऊ कुठं आहे, ते सांग.” ती मान खाली घालून निघून जायची. मग या वसंतात ती जेनोव्याच्या बंदरावर गेली आणि नवऱ्याला घेऊनच परतली. दाढी वाढलेली, कातडी रापलेली, बोलता बोलता मध्येच स्पॅनिश शब्द. नाझारेनो भर चौकात त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला होता.

दुसराही पाइप नापसंत झाला. तिसरा मात्र एवारिस्तोनं डाव्या दाढांत धरला आणि हात सोडून दिले. मान हलवून पाहिली, वाकून पाहिलं, पाइप तोंडात ठेवूनच बोलला, “हां! हा बसला बघा.”

सेत्तिमिओचे हात थबकले.

डाव्या दाढांत?

एवारिस्तोच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा विसाव्या वर्षीच खेचराच्या लाथेनं गेल्या होत्या. हसताना ते दिसत नसे, त्यामुळं गावाच्या लक्षातही नव्हतं. पण पाइप करणाऱ्याला कसं विसरता येईल? तो नेहमी उजवीकडेच चावायचा, आणि असा तसा नाही. संतापी माणूस. रागाच्या भरात नळीचं टोक फोडायचा आणि आठवडाभरात नवं बसवायला यायचा.

“जरा आ कर बघू. कड टोचत नाही ना, पाहतो.”

त्यानं आ केला. सेत्तिमिओ उजेडात वाकला. तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या, पण सगळ्या दाढा जागच्या जागी. बसवलेल्या नव्हेत. हिरडीतून आलेल्या.

“छान,” सेत्तिमिओ कसाबसा म्हणाला. “टोक थोडं घासून देतो. तोवर समोर जाऊन कॉफी घे.”

माणूस शीळ घालत बाहेर पडला. सेत्तिमिओ कानस घेऊन उगाच टोक घासत राहिला. काचेतून दिसत होतं, तो पाद्रीबुवांना टोपी काढून नमस्कार करत होता.

सांगावं का? अकरा वर्षांनी या बाईच्या अंगावर जरा मांस चढलं होतं, गळ्यात नवा रुमाल आला होता. एका शब्दानं सगळं कोसळणार. पण कोण कुठला परका हिच्या घरात झोपतो, आणि हे आपण ओठ मिटून बघायचं?

त्यानं कानस खाली ठेवली.

“एर्सिलिया, पोरी, घट्ट बस. एक सांगायचंय.”

“बसलेच आहे की, उस्ताद.”

“त्याच्या दाढा... एवारिस्तोच्या दोन दाढा पडल्या होत्या. याच्या सगळ्या आहेत. पडलेल्या दाढा काय अर्जेंटिनात उगवतात? हा तुझा नवरा नाही. कुणीतरी फसवतंय तुला.”

आता ही कोसळेल म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. पण एर्सिलियाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“आणखी कुणाला बोललात?”

“छे! आत्ताच तर पाहिलं.”

“मग नका बोलू.”

“अगं, वेडी की काय तू? उद्या खरा एवारिस्तो दारात येऊन उभा राहिला तर?”

ती उठली. त्याच्या हातातला पाइप घेऊन तिनं रुमालात नीट गुंडाळला. मग वाकून, आजारी माणसाची समजूत घालावी तशा हळू आवाजात म्हणाली,

“यायचा कुठून, उस्ताद? तो गेलाच कुठं होता! गोठ्यामागचा खड्डा खणताना माझे हात सोलून निघाले होते.”