उपड्या वाट्या
"सुबह सात कटोरी पानी भरना, शाम को खाली करके उलटी रखना." स्वेटर विकायला नागपूरला जाताना तिबेटी कॅम्पातल्या ल्हामोबाईनं देवघराची किल्ली देत सांगितलं आणि शेजारच्या गावातल्या शकुनबाईनं तुळशीची आण घेऊन वचन दिलं. घरी सासूनं नाक मुरडलं, "देवापुढं उपडी भांडी? अभद्र दिसते वं." सोमवार-एकादशी पाळणाऱ्या शकुनबाईचा हात पहिल्याच संध्याकाळी अडला, रिकाम्या वाट्या सुलट्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ती कॅम्पाकडे निघाली, तर विहिरीवर चाललेली सासू बाजूला सरली. "तू पहिले जा. रिकामी घागर आडवी कायले आणू?" शकुनबाई थबकली. "आत्याबाई, मंग रिकामी वाटी त्या लोकाइनं देवाले कायले दाखवाची? म्हणूनच उपडी." सासूनं कमरेवरची घागर हळूच उपडी केली. "जा वं, दिवस बुडाच्या आत." किल्ली मुठीत धरून शकुनबाई चालू लागली.