नखाएवढी पेन्सिल

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये महिनाअखेरीस जिची पेन्सिल सर्वांत छोटी, तिला चॅपलची घंटा वाजवायला मिळायची. "कष्टाशिवाय पेन्सिल झिजत नाही," म्हणत सिस्टर काचेच्या डबीतलं स्वतःचं थोटूक दाखवायच्या. लहानपणी याच शाळेत त्या थोटकामुळे त्यांना घंटा वाजवायला मिळाली होती. त्या महिन्यात माझी पेन्सिल नखाएवढी निघाली. टाळ्या पडल्या आणि मी उभी राहिले. "सिस्टर, मी लिहिलंच नाही. घरी बसून नुसतं टोक करत राहिले." वर्ग खो खो हसला. सिस्टर मात्र मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "बाळ, माझं थोटूकही तसंच केलेलं आहे. घंटा वाजवताना लाज वाटत होती, पण तोंड उघडलं नाही. आज चाळीस वर्षांनी तुझ्यामुळे उघडलं." घंटा दुसऱ्या मुलीनं वाजवली. ती वाजत असताना सिस्टरनी आपलं थोटूक कचऱ्यात टाकलं आणि डबीत माझं ठेवलं.