लतिकाबाईंची कॅसेट

कीर्तनकार लतिकाबाई गेल्या आणि आचोळ्याच्या शांतारामकाकांकडे बायकोच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. तीही बुरशी धरलेली, वाजली तर एकदाच वाजेल अशी. म्हणून काकांनी जुन्या रेकॉर्डिंगच्या वेड्यांचा रविवारचा व्हिडिओ कट्टा गाठला.

"काका, बिनधास्त लावा," गास गावचा क्लिफर्ड मोबाइलच्या पडद्यावरून म्हणाला. "आम्ही बारा जण रेकॉर्ड करतोय. फक्त तुमच्या मोबाइलचा आवाज पार बारीक करा, आमच्या शिंका-खोकले काकूंच्या कीर्तनात नकोत."

काकांनी हात जोडले आणि टेप सुरू केला. झांजा वाजल्या, लतिकाबाईंनी अभंग उचलला, काकांचे डोळे आपोआप मिटले. हुंदका काही केल्या आवरेना. उत्तररंग ऐन भरात आला आणि फीत तुटली ती तुटलीच.

काकांनी डोळे पुसून पाहिलं, तर पडद्यावर बाराही जण दोन्ही हात हलवत होते. "एवढं आवडलं रे पोरांनो?" म्हणत त्यांनी आवाज वाढवला.

"काका, केव्हापासून 'थांबा, थांबा' ओरडतोय! ॲपनं कीर्तन गोंगाट समजून गाळून टाकलं...


आमच्याकडे नुसतं तुमचं रडणं आलंय."